दानावरचे नाव

आगरदांडा हे रायगड जिल्ह्यातल्या मुरूड तालुक्यातले, राजपुरी खाडीच्या उत्तर काठावरचे छोटे गाव. कोकणात आगर म्हणजे नारळ-पोफळीची बाग, तसेच मीठ पिकवण्याची जागाही. दांडा म्हणजे पाण्यात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. गावच्या धक्क्यावरून समोरच्या दिघीला फेरीबोट जाते, तिच्यावर माणसांबरोबर मोटारसायकली आणि गाड्याही चढतात. जंजिरा पाहायला निघालेल्या प्रवाशाच्या लेखी आगरदांडा म्हणजे बोट पकडायची जागा, एवढेच. मात्र या गावाला मध्यबिंदू धरले, तर खाडीच्या वरच्या टोकाला कुड्याची बौद्ध लेणी, मुखाशी सिद्दी सत्ताधीशांचा जंजिरा हा जलदुर्ग आणि मुरूडच्या वाटेवर त्यांचे घुमट सापडतात. किनाऱ्याने कोळीवाडे, तर उत्तरेकडे अलिबागपर्यंत बेने इस्रायल ज्यूंच्या जुन्या वस्तीची गावे आहेत. दान देणाऱ्याने आपले नाव त्या दानावर ठेवावे का, या धर्मविचारातल्या जुन्या प्रश्नाची उत्तरे इतक्या जवळजवळ क्वचितच पाहायला मिळतात.

सगळ्यात जुने उत्तर कुड्याच्या दगडात आहे. तळा तालुक्यातल्या कुडे गावाच्या डोंगरात, खाडीच्या पाण्यावर नजर ठेवून असलेली २६ लेणी आहेत. त्यांतली बहुतेक इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत कोरली गेली. कोकणात पावसाचे चार महिने भिक्षूला फिरणे शक्य नसते. वर्षावासासाठी छप्पर हवे, आणि स्वतःचे म्हणून काहीही न बाळगणाऱ्याला ते दुसऱ्यानेच द्यावे लागते. ज्यांनी ते दिले त्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत तिथेच कोरलेली आहेत. त्या काळी या भागावर महाभोज म्हणवणाऱ्या मांदव घराण्याची सत्ता होती आणि खाडीकाठच्या मांदाड गावाच्या नावाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. पण लेखांत राजघराण्यापेक्षा इतरांचीच गर्दी आहे. त्यांत वैद्य आहे, माळी आहे, तांडा घेऊन फिरणारा व्यापारी आहे, करहाकडचा म्हणजे कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रिया आहेत. एका ब्राह्मण उपासकाच्या पत्नीने, भयिलेने, चैत्यगृह दिले आहे. सहाव्या लेण्यातला लेख तर एका कुटुंबाची गणतीच आहे. महाभोजांच्या पदरी असलेल्या शिवभूती या लेखकाचा धाकटा भाऊ शिवम याने लेणे दिले, त्याची पत्नी विजया हिने त्यातले कोरीवकाम दिले, आणि मुलांनी व मुलींनी खांब दिले. खांब कोणत्या मुलांचे आणि कोणत्या मुलींचे, हेही नावानिशी लिहिले आहे.

अशा दानाला तिथे ‘देयधम’ असा शब्द आहे. धर्म म्हणून देण्याची वस्तू, असा त्याचा अर्थ. ज्या धर्मात ‘मी’ नावाची टिकाऊ वस्तूच मानत नाहीत, त्या धर्माच्या लेण्यात प्रत्येक खांबावर कुणाचा तरी ‘मी’ कोरलेला असावा, ही विसंगती वाटते. पण बौद्ध विचारात आत्मा नाकारला आहे, कर्म नाकारलेले नाही. दिले गेले, ते कुणाकडून तरी दिले गेले आणि त्याचे फळ कुठे तरी जाईल, एवढे खरे. शिवाय पुण्य वाटता येते, आईवडिलांच्या किंवा मेलेल्यांच्या पदरात घालता येते, ही समजूत त्या समाजात खोल रुजलेली होती. वाटायचे तर कुणाचे आणि कुणाला, हे सांगावे लागते, आणि ते सांगायला नाव लागते. शिवमच्या मुलींची नावे खांबांवर आहेत ती मुलींना मिरवायला नव्हेत, त्यांचा वाटा त्यांच्या हिशोबी राहावा म्हणून आहेत. ही नावे वाचताना प्रौढीपेक्षा घरातली काळजीच जास्त जाणवते.

पुढे महायान विचाराने हा प्रश्न आणखी टोकाला नेला. देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू या तिन्हींना धरून न राहता जे दिले जाते, तेच शुद्ध दान. यालाच त्रिमंडलपरिशुद्धी म्हणतात. कुड्यातही पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास बुद्धमूर्तींचे नवे कोरीवकाम झाले आणि त्या मूर्तींखालीही दात्यांचे लेख आहेतच. त्या काळच्या भारतातल्या अनेक बौद्ध दानलेखांत एक ठरलेले वचन येते: या दानात जे काही पुण्य असेल ते सर्व जीवांना लाभो. नाव ठेवायचे, पण त्या नावाखालचे फळ सगळ्यांना देऊन टाकायचे. तत्त्वज्ञानाच्या कसोटीला ही तडजोड कदाचित उतरणार नाही, पण माणसाच्या कसोटीला उतरते.

नाव कोरण्यामागे दुसरे एक कारण होते, आणि त्याचा पुरावा याच किनाऱ्यावर अलिबागजवळच्या आक्षी गावात आहे. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो गधेगाळ आहे. दान मोडणाऱ्याला अत्यंत अश्लील शाप देणारा दगड म्हणजे गधेगाळ. दान देऊन राजा मरतो आणि पुढचा राजा ते परत घेऊ शकतो. तेव्हा कुणी दिले, काय दिले, मोडणाऱ्याचे काय होईल, हे सगळे दगडावर लागते. इथे नाव हे दानाचे कुंपण आहे. देणाऱ्याचा लोभ त्यात असेलही, पण घेणाऱ्याचे संरक्षण त्याहून अधिक आहे.

नावाच्या विरुद्ध बाजूचा विचारही तितकाच जुना आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात बजावले आहे की असत्याने यज्ञ झिजतो, तसे बोलून दाखवल्याने दान झिजते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस दान असे भेद आहेत. परतफेडीची शक्यता नसलेल्याला, योग्य स्थळी-काळी, द्यायचे म्हणून दिले ते सात्त्विक. बदल्याची वा फळाची आशा धरून, मनात कुरकुरत दिले ते राजस. यात नावाचा उल्लेख नाही, ही गोष्ट निरूपणात बहुधा निसटते. गीता दानामागची अपेक्षा तपासते, दानावरचा शिक्का तपासत नाही. नाव न लावताही माणूस मनात हिशोब ठेवू शकतो आणि नाव लावूनही विसरू शकतो.

कुराणाची भूमिका अधिक थेट आहे. सूरह अल-बकराच्या २७१ व्या आयतीत उघड दानाला चांगलेच म्हटले आहे, पण लपवून गरिबाला दिलेले त्याहून चांगले. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, असा दाखला हदीसमध्येही येतो. ज्यू परंपरेत बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्या. सर्वांत वरची म्हणजे समोरच्याला कर्ज, भागी किंवा काम देऊन हात पसरण्याची वेळच येऊ न देणे. तिच्या खालोखाल, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, असे दान. या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलांच्या घरी या विचाराला पोह्यांची चव आहे. नवसाला किंवा मंगलकार्याला ते एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि प्रसाद जमलेल्या सगळ्यांना वाटतात. घर यजमानाचे, खर्च यजमानाचा, पण नाव घ्यायचे ते प्रेषिताचे.

इथवरच्या चर्चेत एक माणूस गैरहजर आहे, आणि तो दिसतो खोकरीला. मुरूड-आगरदांडा रस्त्याच्या बाजूला खोकरी गावापाशी काळ्या दगडाचे तीन घुमट उभे आहेत. सर्वांत मोठा सिद्दी सुरूलखानाचा, जो १७०८ ते १७३४ पर्यंत जंजिऱ्याचा सत्ताधीश होता. हा घुमट त्याने हयातीतच बांधून घेतला, असे सांगतात. उरलेले दोन याकूतखान म्हणून ओळखला जाणारा सिद्दी कासीम आणि त्याचा भाऊ सिद्दी खैरियतखान यांचे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्यांच्या भिंतींवरची नक्षी अजून बोटांना लागते. दर गुरुवारी इथे कुराणपठण आणि दरवर्षी उरूस होई, आणि त्या खर्चासाठी जंजिरा संस्थानाने गावांचे उत्पन्न लावून दिले होते. सुरूलखानाच्या घुमटाला सावली-मिठागर गाव होते.

आता या गुरुवारच्या दिव्यातले तेल कुणाचे दान मानायचे? कागदावर ते जंजिऱ्याच्या नवाबाचे. पण नवाबाने दिले ते सावली-मिठागरच्या शेतातून आलेले. खाजणात बांध घालून, भरतीचे पाणी अडवून, खारट मातीत भात उभे करणाऱ्यांच्या घामातून आलेले. बांध फुटला की एका रात्रीत पीक जाते आणि जमीन पुढची काही वर्षे खार धरून बसते. त्या मातीत राबणाऱ्यांपैकी कुणाचे नाव घुमटावर नाही. हाच प्रश्न कुड्यालाही लागू आहे. शिवमच्या कुटुंबाची नावे राहिली, पण डोंगर फोडून खांब काढणाऱ्या पाथरवटाचे नाव तिथे नाही. विजयेने कोरीवकाम दिले, म्हणजे त्याचे मोल दिले. छिन्नी दुसऱ्याच्या हातात होती.

गुप्तदानाची थोरवी गाणारी सगळी वचने नाव असलेल्या माणसाला उद्देशून आहेत. ज्याला नाव लावता आले असते आणि ज्याने लावले नाही, त्याच्या त्यागाला ती थोर म्हणतात. खाजणातल्या शेतकऱ्याने किंवा पाथरवटाने नाव सोडले नव्हते, त्यांना ते कधी विचारलेच गेले नव्हते. स्वेच्छेने लपवलेले नाव आणि पुसले गेलेले नाव बाहेरून सारखेच दिसतात, दोन्हीकडे कोरा दगड असतो. धर्मशास्त्राने पहिल्याचे पुण्य मोजले, दुसऱ्याचा हिशोब फारसा कुणी मांडला नाही. नावाविषयीच्या या साऱ्या विचारातली ही मोठी उणीव आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून गुप्तदानाचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल.

म्हणूनच आजच्या गावदेवळांतल्या पाट्यांकडे थोड्या आपुलकीने पाहायला हवे. कोकणातल्या कुठल्याही देवळाच्या सभामंडपात मान वर केली की पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात नाव दिसते. घंटेवर, बाकावर, पायरीच्या फरशीवरही ते असतेच. जीर्णोद्धाराच्या फलकावर आकड्यांसह यादी असते, खालच्या ओळीपर्यंत, अगदी लहान रकमेपर्यंत. सुशिक्षित पाहुण्याला हे उथळ वाटते. पण त्यांतली पुष्कळ नावे ‘कै.’ने सुरू होतात आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ने संपतात. देणारा मुंबईतल्या एखाद्या खोलीत राहणारा चाकरमानी असतो आणि नाव त्याच्या आईचे असते, जिचे नाव सातबाऱ्यावर किंवा घराच्या दारावर कधी लागले नाही. गावात तिच्या नावाची तेवढी एकच फरशी. ती फरशी आणि शिवमच्या मुलींचे खांब यांच्यात जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पण कामाच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत. ज्याचे नाव कुठेच उमटत नाही, त्याला ते उमटवण्याची जागा देवळाने दिली असेल, तर तो धर्माचा ऱ्हास मानता येत नाही. उथळपणा सुरू होतो तो फलकावरचा क्रम रकमेवरून लागतो तेव्हा, आणि फलकाच्या बळावर कुणी पालखीपुढे उभे राहण्याचा हक्क सांगतो तेव्हा.

नावाशिवायचे एक दान या किनाऱ्यावर दरवर्षी होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला कोळी वाजतगाजत पाण्यावर येतात, होड्यांची पूजा करतात आणि सोनेरी कागदात मढवलेला नारळ समुद्राला अर्पण करतात. याच कोळ्यांची देवी एकवीरा कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहाच्या दारातच बसलेली आहे आणि त्या चैत्यगृहाच्या खांबांवर दूरदूरच्या दात्यांची नावे आहेत. समुद्राच्या नारळावर मात्र काही लिहीत नाहीत. ज्याचे सगळे आधीच आहे त्याला काय द्यायचे, हा प्रश्न कोळ्याला पडत नसावा. मासे समुद्राकडूनच येतात, घरचा माणूसही कधी तोच नेतो. त्याला दिलेला नारळ परतफेड म्हणून पुरेसा नाही आणि लाच म्हणून तर नाहीच नाही. नवा हंगाम सुरू करताना मोठ्याला सांगून निघावे, तसे ते सांगणे आहे.

नारळ लाटेबरोबर आत जातो, भरतीला पुन्हा काठाकडे येतो. पोरे त्याची वाटच पाहत असतात. ती सूर मारतात, कागद फाडतात आणि दगडावर नारळ फोडून ओले खोबरे तिथेच उभ्याने खातात. तो कुणाच्या घरचा होता हे त्यांना ठाऊक नसते आणि तो कुणी खाल्ला हे टाकणाऱ्या बाईलाही कधी कळत नाही.