हात फिरता हवा



आपल्या रत्नागिरीत लोखंड फार दिवस उजळ राहत नाही. खारा वारा, वर चार महिने पाऊस. अंगणात विसरलेल्या कोयतीवर बघता बघता गंज चढतो. रोजच्या वापरातली कोयती मात्र लखलखते. हात फिरता हवा.

आपल्या कोकण रेल्वेचा कीमॅन पाहिलाय कधी? हातोडा आणि पाना घेऊन तो आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जातो. स्लीपरवरची एखादी क्लिप सैल झालेली दिसते. तो वाकतो. नेमका ठोका घालतो. क्लिप जागेवर बसते, आणि तो पुढे चालू लागतो. गाडीत साखरझोपेत असलेल्यांना याचा पत्ताही नसतो. १९९८ साली हा मार्ग पूर्ण झाला. बांधणाऱ्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण रोज राखणाऱ्यांची आठवण आपल्याला किती वेळा होते?

तिकडे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी जपून ठेवली आहे. तिच्या लढाया कधीच संपल्या. तरी ती उभी आहे, कारण कुणाचा तरी हात फिरता राहिला.

नात्यांचंही असंच असतं, मंडळी. लग्नकार्य आपण थाटात करतो. मग सहा-सहा महिने साधी विचारपूस नाही. भांडणानं माणसं दुरावतात, पण मला वाटतं, दुर्लक्षानं त्याहून जास्त दुरावतात. गंज आवाज करत नाही.

आज कामाला निघण्याआधी गावच्या काकूंना फोन करा. कारण नसलं तरी करा. गुडघा कसा आहे, एवढंच विचारा.