पोत्यावरची अक्षरं

मागच्या उन्हाळ्यात मी आज्जीच्या गोधडीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. आज्जी म्हणजे आईची आई. ती जाऊन सहा वर्षं झाली. गोधडी बार्शीजवळच्या आमच्या घरी, लोखंडी पेटीत असते. सुट्टीला गेलो होतो, दुपारी अंगणात ऊन मस्त पडलं होतं, म्हणून पसरली आणि खुर्चीवर उभा राहून वरून फोटो काढला. जुन्या लुगड्यांच्या हिरव्या-तांबड्या पट्ट्या, धोतराचा मळकट पांढरा, आणि एका कोपऱ्यात जाड्याभरड्या कापडाच्या तुकड्यावर पुसट झालेली, उलटी शिवलेली इंग्रजी अक्षरं.

माझ्या पोस्टवर एरवी चाळीसेक लाइक्स येतात. यावर दोन हजारांच्या वर आले. कुणीतरी किंमत विचारली. एका अनोळखी डिझायनर मुलीनं लिहिलं, ‘टायपोग्राफीचा किती धीट वापर!’ मला ते इतकं आवडलं, की मी ती कमेंट पिन केली.

दोन दिवसांनी आईचा फोन. मामेबहिणीनं तिला दाखवलं होतं.

“ती अक्षरं कसली हायत, ठाऊक हाय का तुला?”

“नाही.”

“मिलोचं पोतं हाय ते. बहात्तरच्या दुष्काळातलं. साऱ्या जगाला आपलं पोतं दावतोस व्हय रे?”

मिलो म्हणजे दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आई तेव्हा पाच-सहा वर्षांची. त्या भाकरीविषयी ती कधीच बोलत नाही. बोलली तर एवढंच, की चव आठवत नाही, रंग आठवतो.

मी पोस्ट आर्काइव्ह केली. डिलीट केली नाही, कारण लाइक्स जातील. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे, आणि तो माझ्या आवडीच्या मुळाशी जातो. मला गोधड्या, क्विल्ट, कापडाची कला बघायला मनापासून आवडतं. मी इंजिनिअर, सुईत दोरा ओवायला दोन मिनिटं लागतात, तरी रात्री अकरा वाजता कोड रिव्ह्यू संपवून अमेरिकेतल्या म्युझियमच्या साइटवर क्विल्ट झूम करत बसतो. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात फक्त क्विल्टचं म्हणून एक म्युझियम आहे. त्यांचा ऑनलाइन संग्रह उघडला, तर झोपायला एक वाजतो. प्रश्न असा : गरजेतून, थंडीतून, कधी भुकेतून जे शिवलं गेलं, ते मी गादीवर पडून ‘काय कंपोझिशन आहे!’ म्हणत बघतो, हे बरोबर आहे का?

या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अलाबामातल्या जीज बेंड या गावाचं आहे. नदीच्या वळणात तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेलं गाव, जवळजवळ सगळी वस्ती कृष्णवर्णीय, गुलामीत राबलेल्यांचे वंशज. गावात अनेकांचं आडनाव पेटवे, कारण त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचं आडनाव ते होतं. 1960च्या दशकात ही माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडच्या कॅम्डेन गावी जाऊ लागली. 1962 साली फेरीबोट बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडलं. या गावातल्या बायका पिढ्यानपिढ्या फाटक्या कामाच्या कपड्यांतून, पोत्यांतून, जुन्या चादरींतून क्विल्ट शिवत आल्या. 2002 साली ते क्विल्ट ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये भिंतीवर लागले. समीक्षकांना आधुनिक अमूर्त चित्रं आठवली. 2006 साली त्यांची पोस्टाची तिकिटंसुद्धा निघाली.

त्यातला एक क्विल्ट मी पुनःपुन्हा उघडतो. 1942 साली मिसूरी पेटवेनं शिवलेला. तिचा नवरा वारला, तेव्हा तिनं त्याचे शेतात घालायचे कपडे कापून हा क्विल्ट केला. तिची मुलगी अर्लोन्झिया हिनं पुढे सांगितलं, की आईला त्याची आठवण म्हणून तो हवा होता, आणि मायेसाठी अंगावर घ्यायला हवा होता. आता तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. म्हणजे तो आता कुणीच पांघरणार नाही. कामाच्या कपड्यांच्या क्विल्टमध्ये एक गोष्ट दिसते : खिसा उसवून काढला, की त्याखालचं कापड गडद राहतं, बाकीचं उन्हानं विटलेलं. माणूस गेला, तरी त्याचा खिसा कुठे होता ते कळतं. फोनवर दोन बोटांनी मी हे मोठं करून बघतो आणि मला आनंद होतो. दुःखही होतं, पण आनंद होतो हे नाकारण्यात अर्थ नाही.

कांटनं 1790 साली लिहिलेल्या ग्रंथात म्हटलं आहे, की सौंदर्याचा आनंद हा निरिच्छ असतो. वस्तू आपल्या उपयोगाची आहे की नाही, ती आपल्याला हवी आहे की नाही, याचा त्यात संबंध नसतो. कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय नव्हता, हे मी यूट्यूबवर शिकलो, तेव्हा चूकभूल माफ असावी. पण आज्जीच्या गोधडीला हे लावून बघा. त्या डिझायनर मुलीला पोत्यावरची अक्षरं ‘टायपोग्राफी’ म्हणून दिसली, कारण तिला त्या पोत्यातलं काही खायचं नव्हतं. आईला ती तशी दिसणं शक्यच नाही. 1971 साली व्हिटनीमध्येच जुने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे पांढऱ्या भिंतीवर टांगले गेले, तेव्हा नेमकं हेच केलं होतं. पलंग काढला, थंडी काढली, उरले रंग आणि आकार. लोक चकित झाले. माझा पहिला निष्कर्ष त्यामुळे सरळ होता : असं बघणं म्हणजे माणूस पुसून कापड ठेवणं. चूक.

पण तो निष्कर्ष फार दिवस टिकला नाही. तो पाडला आज्जीनंच.

गोधडी मी पुन्हा नीट पाहिली. तांबड्या पट्टीशेजारी दरवेळी हिरवी आहे, फक्त एका ठिकाणी नाही. तिथे पिवळा तुकडा आहे, अगदी बोटभर. ऊब यायला तो पिवळा लागत नाही. कापड कमी पडलं असं म्हणावं, तर शेजारी हिरव्याचा पुरेसा मोठा तुकडा दुमडून आत घातलाय. तिला तिथे पिवळा हवा होता. धावदोरा काठापासून सुरू होऊन चौकोनात फिरत मध्यापर्यंत जातो, आणि पोत्याच्या तुकड्यावर आल्यावर टाके मुद्दाम बारीक होतात. जाड कापडात बारीक टाका घालणं म्हणजे बोटं सोलून घेणं, त्याला दाभणच लागतो. मग ‘बिचारीनं गरजेपोटी शिवली’ असं म्हणणं तिचा मान राखणं आहे की तिचा डोळा नाकारणं? गरिबाच्या हातून झालेलं प्रत्येक काम फक्त गरिबीचं लक्षण मानायचं, हाही माणूस पुसण्याचाच प्रकार. फक्त आकार बघणारा आणि फक्त हाल बघणारा, दोघांनाही आज्जी दिसत नाही. एकाला पिवळा तुकडा दिसतो, पोतं दिसत नाही. दुसऱ्याचं उलटं.

मग वाटलं, प्रश्न बघण्याचा नसेलच, परवानगीचा आणि पैशाचा असेल. आमच्या धंद्यात हे नीट बसवलेलं आहे : ओपन सोर्स कोड वापरा, पण लायसन्सची फाइल आणि मूळ लेखकाचं नाव काढू नका. जीज बेंडचं प्रकरणही तिथे पोचलं होतं. 2007 साली तिथल्या काही बायकांनी क्विल्टचे पैसे आणि हक्क यांवरून खटले भरले. 2008 साली ते मिटले. 2021पासून तिथल्या काही जणी एट्सीवर स्वतःच्या नावानं क्विल्ट विकतात. हे चांगलंच झालं, यावर वाद नको. पण आईचं काय? तिला पैसे नको होते. नाव टाकलं असतं, ‘शिवणार : अमुक, मु. पो. तमुक’, तर ती जास्तच चिडली असती.

पुण्यात एका प्रदर्शनात सिद्दी बायकांच्या कवंद्या पाहिल्या, तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात त्यांची वस्ती आहे, अनेकांची घरची बोली कोकणी. कवंदीही काठाकडून आत शिवत येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे छोटे त्रिकोण बसवतात, त्यांना ‘फुलां’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या बायका सांगतात. फोनवर मी ही फुलं अनेकदा पाहिली होती. समोर पाहिली, तेव्हा कळलं की ती सपाट नसतात, बोटाच्या पेरासारखी फुगीर असतात. कापडाचं वजन कळलं, मध्ये आलेला झोळ कळला. स्क्रीनवर झोळ कधी दिसत नाही, कारण फोटोवाले तो ताणून घालवतात. खाली पाटी होती : कृपया स्पर्श करू नये. आयुष्यभर अंगाला लागायचं म्हणून केलेली वस्तू, आणि हात मागे बांधून उभे आम्ही. अमेरिकेतल्या क्विल्ट शोमध्ये पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका असतात म्हणे, विनंती केली की त्या कोपरा उलटून मागची बाजू दाखवतात. इथे तशी कुणी नव्हती. मागची बाजू भिंतीला.

मागची बाजू मला दिसली ती नवरात्राच्या आधी, आमच्याच गच्चीवर.

घटस्थापनेआधी आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतात. पूर्वी नदीवर, आता मोटार चालू करून. मी वर्क फ्रॉम होम घेऊन गेलो होतो. सकाळची मीटिंग आटपून वर गेलो, तर आईनं पेटीतली गोधडी धुऊन गच्चीच्या कठड्यावर टाकलेली. रस्त्याच्या बाजूला. पोत्याचा कोपरा बाहेर, उलटी अक्षरं अख्ख्या गल्लीला दिसतील अशी. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या, आणि त्यांच्या कठड्यावर त्यांच्या वाकळा. पलीकडे आणखी कुणाच्या. दोघी मोठ्यानं बोलत होत्या : ते जांभळं लुगडं कुणाचं, हा टाका कुणाचा, त्यांच्या सासूचा हात कसा ढिला होता. काकूंनी बोट दाखवून विचारलं, “पोतं का गं?” आई म्हणाली, “व्हय, मिलोचं. तुमच्यात न्हाई का?” काकूंच्यात होतं. आतल्या थरात, दिसत नव्हतं एवढंच.

जीज बेंडमध्येही हेच होतं. वसंतात बायका क्विल्ट हवेला म्हणून दोरीवर, कुंपणावर टाकायच्या, आणि बाकीच्या येता-जाता बघायच्या, कुणी कुठली रचना केली ते मनात ठेवायच्या. 2022पासून तिथे दर ऑक्टोबरमध्ये त्याच नावाचा उत्सव भरतो. म्हणजे ‘या वस्तू दाखवायला केल्याच नव्हत्या’ हे आपलं गृहीतकच कच्चं आहे. प्रदर्शन म्युझियमच्या आधीपासून होतं, दोरीवर. फरक एवढाच, की दोरीवर बघणाऱ्या बाईचाही क्विल्ट वाळत असायचा.

एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी 1987 साली अमेरिकेत जो क्विल्ट सुरू झाला, त्याचं मला आता जास्त आश्चर्य वाटतं. त्या वर्षी 11 ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या मोकळ्या मैदानावर तो पहिल्यांदा अंथरला, तेव्हा 1,920 तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढा. आता पन्नास हजारांच्या आसपास आहेत आणि सगळा क्विल्ट ऑनलाइन बघता येतो, नाव टाकून शोधता येतो. तो दाखवायलाच केला होता, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच : तो बघायला आलेल्यांसाठी कोरं कापडही अंथरलेलं असायचं, लिहायला. नुसतं बघून जायचं नाही, तुमचंही काही इथे ठेवा.

संध्याकाळी गोधड्या घड्या घालताना मी आईला विचारलं, “तेव्हा एवढी चिडलीस, आणि आज तूच रस्त्याकडे टाकलीस?”

“मग वाळायला कुठं टाकू?”

“तसं नाही. काकूंनी पोतं पाहिलं, ते चाललं.”

तिनं घडी माझ्या हातात दिली. ओली नव्हती, तरी जड होती. “तिचंबी मला दिसतंय की,” ती म्हणाली. “तुझ्या त्या फोनातल्या दोन हजार माणसांच्या गोधड्या कुठं हायत? त्यांनी दावल्या का?”

मी म्हटलं, परत टाकू का फोटो? या वेळी पोत्याचं लिहून?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आधी तुझ्या पुण्यातल्या खोलीतलं दाव.”

माझ्या पुण्यातल्या खोलीत एक राखाडी कम्फर्टर आहे. सेलमध्ये घेतलेला, शंभर टक्के पॉलिएस्टर, लेबल अजून कापलेलं नाही. परत आल्यावर तो पलंगावर पसरला, खुर्चीवर चढलो आणि वरून फोटो काढला. अजून टाकलेला नाही.