राउल प्रेबिश : वाटाघाटीत घडलेला विचार

कच्चा माल विकून पक्का माल विकत घेणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती काळाच्या ओघात प्रतिकूल होत जातात, हा सिद्धांत अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ आणि व्यापार-वाटाघाटीकार राउल प्रेबिश (१९०१-१९८६) यांच्या नावाने ओळखला जातो. तुकुमान येथे जन्मलेले प्रेबिश ब्यूनोस आयर्स विद्यापीठात शिकले ते मुक्त व्यापाराचे समर्थक म्हणून. गहू आणि मांस विकून संपन्न झालेल्या देशात ते स्वाभाविकच होते.

या विश्वासाला पहिला तडा गेला जागतिक मंदीत. १९३२ च्या ओटावा परिषदेत ब्रिटनने साम्राज्यातील देशांच्या मालाला झुकते माप दिले आणि अर्जेंटिना अडचणीत सापडला. त्याचे उत्तम गोमांस गोठवलेले नसे, फक्त थंड केलेले असे; ते फार दिवस टिकत नसे आणि ब्रिटनखेरीज त्याला मोठे गिऱ्हाईकही नव्हते. उपराष्ट्राध्यक्ष हुलिओ रोका यांच्या लंडनमधील शिष्टमंडळात प्रेबिशही होते. १ मे १९३३ रोजी झालेल्या करारात ब्रिटनने मांसाची खरेदी साधारणपणे १९३१-३२ च्या पातळीवर ठेवण्याचे मान्य केले. त्या बदल्यात ब्रिटिश कोळसा करमुक्त राहिला, इतर मालावरील जकात उतरली आणि मांसाच्या निर्यातीतील ८५ टक्के वाटा परदेशी कंपन्यांच्या हाती राहिला. मायदेशी या करारावर कडाडून टीका झाली. नाशवंत माल आणि एकच गिऱ्हाईक असलेल्या विक्रेत्याला किती नमावे लागते, हे प्रेबिश यांनी तिथे जवळून पाहिले.

१९३५ ते १९४३ ते देशाच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख व्यवस्थापक होते. १९४३ च्या लष्करी उठावानंतर ते पद गेले आणि अध्यापन व चिंतनाला वेळ मिळाला. त्याचे फळ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकाविषयक आर्थिक आयोगासाठी १९४९ मध्ये लिहिलेला प्रबंध. त्यातील आकडेवारीनुसार १८७६-८० मध्ये पक्क्या मालाच्या तुलनेत कच्च्या मालाची किंमत १०० धरली, तर १९३६-३८ मध्ये ती सुमारे ६४ वर आली होती. कारणमीमांसा त्याहून मोलाची आहे. औद्योगिक ‘केंद्रा’त उत्पादकता वाढली की संघटित कामगार व कारखानदार तिचा लाभ वेतन आणि नफ्याच्या रूपाने राखतात. कच्चा माल विकणाऱ्या ‘परिघा’वर कामाला हात मुबलक, म्हणून वेतन वाढत नाही आणि लाभ स्वस्त मालाच्या रूपाने बाहेर जातो. हान्स सिंगर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला.

यावर पहिला उपाय म्हणून प्रेबिश यांनी औद्योगिकीकरण सुचवले. पण भरमसाट जकातीच्या आड वाढलेले उद्योग छोट्या बाजारपेठेत अकार्यक्षम राहतात, हे पुढे त्यांनीच स्पष्टपणे मांडले. मग त्यांचा भर प्रादेशिक बाजारपेठेवर आणि पक्क्या मालाच्या निर्यातीवर आला. आपल्याच मताची अशी फेरतपासणी करणारे धोरणकर्ते विरळाच.

१९६४ मध्ये जिनीव्हात भरलेल्या ‘अंक्टाड’ या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे ते महासचिव होते. तिथेच ७७ विकसनशील देशांचा गट उभा राहिला. लंडनला एकट्याने बसलेला विक्रेता आता गटाने बोलणार होता. १९६८ च्या नवी दिल्ली अधिवेशनात विकसनशील देशांच्या पक्क्या मालाला जकात-सवलत देण्याचे तत्त्व मान्य झाले आणि १९७१ मध्ये ‘गॅट’ या जागतिक व्यापार-कराराच्या सदस्यांनी तिला नियमांतून सूट दिली. तोवर प्रेबिश पदावरून दूर झाले होते. मात्र ही सवलत हक्क बनली नाही, देणाऱ्याच्या मर्जीवरच राहिली. जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारताला दिलेली ही सवलत काढून घेतली.