आधी ती गोणी परत आण

ये, समोर उभा राहा. फोन खिशात ठेव.

आता ॲनालॉगच ऐकतो, डिजिटलमध्ये जीव नाही, असं ब्राह्मणपुरीभर सांगत फिरतोस. ऐकलं मी तुझं वाजवणं. तबकडीवर सुई फिरते, मान्य. पण तिथून आवाज स्पीकरपर्यंत जातो कसा? ब्लूटूथने! म्हणजे सुईने उचललेल्या आवाजाचे आधी आकडे होतात आणि हवेतून धाडताना तेही दाबून, काटछाट करून धाडतात. हे डिजिटलच झालं, आणि सीडीपेक्षा उणं. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यांची अशी काटछाट होत नाही. ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतंस. न विचारता निवाडे कसले देतोस?

आणि तबकड्या ठेवल्यास कुठे, तर पत्र्याच्या खोलीत, एकावर एक, आडव्या. इथला वैशाख काय नवा आहे तुला? उन्हाने वाकतात त्या. सावलीत, उभ्या ठेवायच्या असतात.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण त्या यंत्राला जागा हवी म्हणून आजोबांच्या कॅसेटी भंगारात घातल्यास! वर तोंड करून सांगतोस, सगळं यूट्यूबवर आहे. सगळं? काल गोणी ओट्यावर होती तेव्हा मी हात घालून पाहिलं. एका कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडलेले होते. ते कशाला मोडतात, कळतं का? चुकूनही कुणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून. वर आजोबांचं अक्षर: कानबाईची गाणी. देवीची ती गाणी; आवाज तुझ्या आजीचा, अहिराणी तिची. दाखव मला हे यूट्यूबवर. आत्ता दाखव.

गवई अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात त्यांनी राग उभा केला. आज तो तुझ्या फोनवर वाजतो, कारण कुणीतरी ती लाखेची तबकडी जपली, पुसली आणि तिचा आवाज आकड्यांत उतरवला. तुझ्या आजीसाठी ते कुणी करायचं? शहाद्याच्या भंगारवाल्याने?

माल पुढे जायच्या आत जा. तो मागेल ते पैसे दे, घासाघीस करू नकोस. फीत चिकटली असेल, म्हणून लगेच वाजवू नकोस. आधी पेन्सिलीने हलक्या हाताने सैल कर, मग पूर्ण पुढे-मागे फिरवून घे. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोड. वेव्ह फाइल कर, एमपीथ्री नको. दोन प्रती काढ, एक दुसऱ्या घरात ठेव. कॅसेटही फेकायची नाही. आणि वाजवताना आत्याला शेजारी बसव. मागून कोण कोण गातंय, कुठलं गाणं रोटाच्या वेळचं, कुठलं विसर्जनाचं, हे ती सांगेल तसं वहीत उतरव. सोमवारी वही घेऊन माझ्याकडे ये.