पंधरावा क्लब

गोल्फचा एक नियम धर्मशास्त्रात शोभला असता. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवायचे नाहीत. पूर्वी अशी मर्यादा नव्हती. १९३०च्या दशकात काही बडे खेळाडू पंचवीस-तीस क्लब घेऊन मैदानात उतरत आणि ते ओझं अर्थातच कॅडीच्या खांद्यावर असे. अमेरिकेच्या संघटनेने १९३८ साली आणि सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ने १९३९ साली चौदाचा आकडा घालून दिला. जैन श्रावकाच्या व्रतांत परिग्रहपरिमाण नावाचं एक व्रत आहे. साधूने सगळंच सोडायचं असतं, पण संसारी माणसाने निदान हद्द आखून घ्यावी: घर एवढं, जमीन एवढी, सोनं एवढं, त्यापुढे नाही. गोल्फवाल्यांनी साहेबी थाटात नेमकं तेच व्रत घेतलं, फक्त त्याला नियम म्हटलं.

माझ्या बॅगेत चौदा पुरे होते. दिवाळीत मुलगा अमेरिकेहून आला तो टायटॅनियमचा ड्रायव्हर घेऊन. “बाबा, आता तरी ते लाकूड सोडा,” म्हणाला. ते लाकूड म्हणजे माझा जुना ड्रायव्हर. सैन्यात मेजर असताना वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होतो, तिथल्या एका सीनियरची बदली झाली आणि त्यांनी सामान विकायला काढलं. त्यात हा घेतला. त्यांनीही तो कुणाकडून तरी जुनाच घेतला होता. खालच्या पितळी सोलप्लेटवर टोच्याने कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं आहेत, ती ना माझ्या नावाची ना त्या सरांच्या.

हेड पर्सिमनच्या लाकडाचं आहे. हे झाड अमेरिकेतलं, पण वनस्पतिशास्त्रात ते आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं, सख्ख्या चुलत्यासारखं. विदर्भात जिच्या पानांच्या विड्या वळतात तीच टेंभुर्णी. घट्ट, चिवट लाकूड, म्हणून ‘वुड’ म्हणजे पर्सिमनच असं कित्येक दशकं चाललं. १९७९ साली टेलरमेड कंपनीने पोलादी हेडचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि ही सद्दी संपत गेली. पर्सिमनचा ड्रायव्हर वापरून मोठी स्पर्धा शेवटची जिंकली ती बर्नहार्ड लँगरने, १९९३ची मास्टर्स. नाव मात्र अजून ‘वुड’च आहे.

ठेवायचा की काढायचा हे ठरवण्याआधी तो नीट तपासला. जुना क्लब तपासायची रीत आहे. शाफ्ट जेवणाच्या टेबलावर ठेवून, हेड कडेबाहेर सोडून, हलकेच फिरवायचा. वाकला असेल तर उडी मारतो. हा सरळ फिरला. मग हेड कानाशी धरून हलवायचं, आतलं वजन सुटलं असेल तर खुळखुळतं. तेही शांत. गळ्याला, म्हणजे शाफ्ट हेडमध्ये शिरतो तिथे, काळा दोरा गुंडाळलेला असतो. तो पावसाळ्यात सैल पडतो. मी चांभाराकडून मेणाचा दोरा आणून तो स्वतः गुंडाळतो. आधी एक लूप ठेवायचा, त्यावरून फेरे घ्यायचे, शेवटचं टोक लुपात घालून आत ओढून घ्यायचं. गाठ कुठेच दिसत नाही. दोरा सोडला तेव्हा खाली एक बारीक रेघ दिसली. व्हार्निशची की लाकडाची? जवसाचं तेल बोटाने लावलं आणि फडक्याने पुसलं. पॉलिश केल्यासारखं सगळं स्वच्छ झालं, रेघेत मात्र तेल राहिलं. तडा लाकडात आहे. अजून नखभर, गळ्याच्या अलीकडे थांबलेला.

“अहो, एक आलं की एक गेलंच पाहिजे,” बायको म्हणाली. तिला तो अधिकार आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली झाली की काळ्या ट्रंका भरल्या त्या तिने, नाव-नंबर पांढऱ्या रंगाने घातले तेही तिने. काय ठेवायचं नि काय वाटून टाकायचं याचं तिचं शास्त्र कोणत्याही ग्रंथापेक्षा पक्कं आहे. तरी या वेळी मला तिचं पटेना, आणि का पटत नाही हे मलाच धड सांगता येईना. निवृत्त माणसाला वेळ असतो. पुस्तकं काढली.

पहिल्यांदा आठवला तो बौद्ध भिक्षू नागसेन. मिलिंद राजाला त्याने विचारलं, रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? यातलं एकही रथ नाही आणि हे सगळं काढलं तर मागे रथ म्हणून काही उरत नाही. माझ्या ड्रायव्हरची ग्रिप किती वेळा बदलली हे मलाच आठवत नाही, शाफ्ट महूला बदलला, दोरा तर दर पावसाळ्यानंतर नवा. मी जपतो ते नक्की काय? गोल्फमध्ये याची एक गमतीदार साक्ष आहे. बॉबी जोन्सने १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याच्या ‘कॅलॅमिटी जेन’ या पटरच्या हिकरीच्या शाफ्टला दुरुस्तीसाठी दोरा गुंडाळलेला होता. पुढे स्पॉल्डिंगने त्याच्या नकला विकायला काढल्या तेव्हा धडधाकट शाफ्टवरही तशाच काळ्या पट्ट्या काढल्या. मोडलेलं काही नाही, तरी मलमपट्टी! नागसेन हसला असता. पण त्याचा युक्तिवाद मला अर्ध्यातच सोडतो. त्याच्या हिशेबी नवा ड्रायव्हरही तितकाच नाही जितका जुना नाही. मग बॅगेतून कोणता काढायचा?

पतंजलीच्या यमांत शेवटचा अपरिग्रह. त्यावर व्यासभाष्य म्हणतं की विषयांत पाच दोष दिसतात: मिळवण्याचा, राखण्याचा, झिजण्याचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. हे पाचही मी माझ्या लाकडाला लावून पाहिले. राखण आहे, तेलपाणी आहे. झीज आहे, तडा दिसतोच. आसक्ती आहे, नाहीतर इतकं वाचलं कशाला असतं! कुठल्यातरी जंगलातलं झाड पडलं होतं, ती हिंसाही आहे. इथवर बायकोची बाजू वर. पण भाष्यकार पुढे जे सांगतो त्याकडे माझं आधी कधी लक्ष गेलं नव्हतं. हे दोष पाहून वस्तूचा स्वीकार न करणं, याला तो अपरिग्रह म्हणतो. म्हणजे हे व्रत दारातून आत घेताना पाळायचं आहे. मागच्या दाराने बाहेर टाकण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. हल्ली घर रिकामं करण्याचं जे कौतुक चाललंय त्यात पुष्कळदा कपाटात नव्यासाठी जागा करणं एवढंच असतं, आणि त्याला वैराग्याचा मान मिळतो. मला हे चीड आणणारं वाटतं. जुनं लाकूड काढून नवं टायटॅनियम ठेवलं तर पहिला दोष, मिळवण्याचा, नव्याने सुरू. बाकीचे चार त्याच्या मागोमाग येणारच.

गंमत अशी की पतंजलीने अपरिग्रहाचं फळ म्हणून पूर्वजन्मांचं ज्ञान सांगितलंय. आणि मी सोलप्लेटवरची दोन अक्षरं भिंगातून बघत बसतो, क्लबचा पूर्वजन्म कळावा म्हणून!

दुसरा निकष गांधींचा. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत, त्यांचं पुढे ‘मंगळप्रभात’ झालं. पूना गोल्फ क्लबचं मैदान आज त्याच येरवड्यात आहे, हे जाता जाता. अपरिग्रहावर लिहिताना त्यांनी तो अस्तेयाशी जोडला. चोरून आणलेली नसली तरी गरज नसताना ठेवलेली वस्तू चोरीचीच समजावी, असा त्यांचा कडक हिशेब. हे वाचून मी आधी लाकडाकडे पाहिलं. आणि मग नव्या ड्रायव्हरकडे. गरज कोणाची कुणाला आहे? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तीस यार्ड जास्त मिळाले तर त्याचं काय बिघडतं नि काय सुधारतं? माझ्याबरोबर चालणारा कॅडी एकवीस वर्षांचा आहे, सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा खेळतो आणि कॅडींच्या स्पर्धेत दुसऱ्याचा ड्रायव्हर मागून घेतो. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, हे त्याला तोंडपाठ आहे. गांधींच्या हिशेबी माझ्या बॅगेतला चोरीचा माल जुना नव्हता, नवा होता.

मित्रांनी सोपा मार्ग सुचवला. लाकूड त्या पोराला दे आणि नवा तू वापर, म्हणजे दानही झालं. सगळ्याच मैदानांवर हे चालतं, साहेबांचे टाकाऊ क्लब कॅडींकडे जातात, आणि त्यावर शिकून चांगली मुलं पुढे आली हेही खरं. पण कठोपनिषद उघडतं तेच मुळी अशा दानावर. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व द्यायचं ठरवलं आणि दिल्या काय, तर दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायी. पोरगा नचिकेता बघत होता. ‘मला कोणाला देणार?’ असं त्याने बापाला विचारलं, त्यामागे हीच टोचणी होती. तडा गेलेला ड्रायव्हर देऊन मी त्या मुलाला स्पर्धेत पाठवलं असतं तर तो ‘थँक यू सर’ म्हणाला असता. मान देणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून असलं दान अधिकच वाईट.

मुलाला फोन केला. त्याने आणलेली वस्तू, त्याला न विचारता देणं बरं दिसलं नसतं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “बाबा, दिली म्हणजे तुमची. पण त्याला सांगा, लॉफ्ट साडेदहावर सेट केलाय.” बायकोचं म्हणणं, एक गेलं ना, मग झालं. कोणतं गेलं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

नवा ड्रायव्हर त्या मुलाकडे गेला. माझा चेंडू आता तिसऱ्या होलच्या बंकरच्या अलीकडेच पडतो आणि हँडिकॅप वाढलाय. तडा गळ्यात शिरला की लाकूड मीच मोडीत काढीन आणि त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर घेणार नाही. तीन नंबरच्या वुडनेही टीवरून मारता येतं.