बुरूज आणि दरवाजा

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. दूध विकायला गेलेली गवळण गडावर अडकली, दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे उपाशी म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला व त्या जागी बुरूज बांधला. ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा एक प्रश्न मला छळतो. बुरुजाने उतरायची वाट बुजली. दरवाजाचा नियम तसाच राहिला. मग पुढच्या हिरकणीने काय करावे?

मातेची स्तुती स्वस्त असते. तिच्यासाठी दरवाजा उघडायचा, तर त्याची किंमत कोणीतरी मोजावी लागते. ती कोणी मोजावी, हाच खरा नैतिक प्रश्न आहे. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण मालकही त्यातून सुटत नाही, असे मांडले होते. १९६१च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा मोकळीक दिली. २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक केले. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे दोन्ही हक्क राखले.

कागदावर दरवाजा उघडला खरा. पण माझ्या पाहण्यातली एक तरुण शिक्षिका बाळंतपणानंतर कामावर आली, तेव्हा मूल दोन कोसांवर सासूपाशी आणि पाळणाघराचा पत्ता नाही. पान्हा काही तासाची घंटा ऐकत नाही. भर तासाला पदर भिजे. मग ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात दूध पिळून टाकी. तिचा बदली तास ज्यांच्या वाट्याला येई, त्या म्हणत, “आम्ही नाही का पोरे वाढवली?”

त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. एकीची भूक दुसरीच्या विश्रांतीतून भागवायची, ही व्यवस्थाच अन्यायाची आहे. जादा माणूस नेमणे, एक खोली देणे हे संस्थेचे काम. ते टाळून संस्था दोन बायकांना एकमेकींच्या ऋणात व रोषात ठेवते. आणि आपण या मोकळिकीला ‘सवलत’ म्हणतो! सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर जगते आणि घेणारीला मान खाली घालायला लावते. इथे तर देणे त्या तान्ह्याचे आहे. त्याने कोणत्याही नेमणूकपत्रावर सही केलेली नाही.