अर्धं, पण वेळेवर

रिलीज म्हटलं, की आमच्या पिढीला शुक्रवार आणि सिनेमाचं पोस्टर आठवतं. आमच्या चिरंजीवांचा रिलीज दर दोन आठवड्यांनी येतो. पुण्याच्या कंपनीचं काम ते अमरावतीत, आमच्या माडीवर बसून करतात. रोज सकाळी पंधरा मिनिटं संगणकावर सभा: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. एकदा कानावर आलं, "तारीख हलणार नाही. काम कमी करू."

मला आमचा शिंपी आठवला. तो काम कमी करत नाही, तारीख हलवतो. "शनिवारी घेऊन जा" म्हणतो. कोणता शनिवार, ते मारुतीराय जाणे! पण सदरा मिळतो तो काजाबटणांसह.

"बाबा, तो चक्क खोटं बोलतो," चिरंजीव म्हणाले. "आम्ही शिवून होईल तेवढं देतो. गिऱ्हाईक घालून बघतं. बाह्या पुढच्या खेपेला."

2001 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, बर्फावर घसरायच्या ठिकाणी सतरा तज्ज्ञ जमले आणि त्यांनी या पद्धतीचा जाहीरनामा काढला. आखलेल्या बेताला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, असं त्यात आहे म्हणे. मृगानं दगा दिलेल्या आमच्या कास्तकाराला हे सांगायला युटाची गरज नव्हती.

पण शब्द पाळणं म्हणजे नेमकं काय? तारीख पाळणं, की वस्तू पुरती देणं?

खरं सांगायचं तर मी शिंप्याच्या पंथाचा. अकोल्याला माझी अक्का आहे, 82 वर्षांची. "सवडीनं आठ दिवस राहायला येतो," असं मी तिला कैक वर्षं सांगतोय. सबब एकच, रस्ता. तर जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत पडलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. (त्यातही चिरंजीवांचीच युक्ती: 75 किलोमीटर खरे, पण एकाच लेनचे.) माझी सबब मात्र डांबराखाली गेली. आणि ब्याऐंशीव्या वर्षी माणसानं पुऱ्या सदऱ्याची वाट पाहायची तरी किती?

गेल्या रविवारी मी आठ दिवसांतून चार तास कापून काढले आणि सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूर कधी गेलं कळलंही नाही. दारातच सांगून टाकलं, "अक्का, तीनच्या गाडीनं परत जायचंय."

परसात गोवऱ्यांचा धूर होता.

"मंग आला कायले रे?" अक्का म्हणाली. "रोडगे आत्ता टाकले आरात. अर्धे कच्चे खाशीन का?"

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. केव्हा येताय?

म्हटलं, "शनिवारी."